मधला ‘क’

ताडपत्रीवाल्या मावशीच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीची दोन म्हणे मशीनने खाल्ली. पुरावा? ती सलाम ठोकते तो तीन बोटांनी, आणि हात मिळवायची वेळ आली की डावा पुढे करते. एवढं असल्यावर आणखी काय पाहिजे? कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर ती दोन बोटं कुठल्या ट्रकच्या ताडपत्रीत शिवली गेली आणि तो ट्रक पुढे कुठल्या वळणावर उलटला, इथपर्यंत तपास लावला होता. “आणि तिच्या हाताखालची पोरं बघा,” तो म्हणायचा, आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी थांबायचा. “बाईला एकटं वाटू नये म्हणून एकूण एक पोर तीनच बोटांनी सलाम करतं. संस्कार हो, संस्कार!” गिऱ्हाइकाला त्या क्षणी मान हलवता येत नसे, त्यामुळे त्याला पटलं असं धरलं जायचं.

तर बोटं पाच आहेत. मी मोजली आहेत. सुया टोचून टोचून चाळण झालेली, एका नखाचा रंग कायमचा काळानिळा, पण पाचच्या पाच जागेवर. तीन बोटांचा सलाम हा स्काउटांचा सलाम आहे, आणि डाव्या हाताने हात मिळवणंही त्यांचंच. हे मी न्हाव्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “असं ती सांगते होय?” आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला फडकं बांधलं.

मावशीचं दुकान ट्रक थांबतात त्या मैदानाच्या कडेला आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. ताडपत्री अंथरायची तर लांबी लागतेच. त्या जाड कापडावर मशीन दिवसभर धडधडतं, म्हणून मावशीचा डावा कान अधू झालाय आणि आवाज दुप्पट. ती शेजारी बसलेल्याला “सुई दे” म्हणाली तरी मैदानाच्या पलीकडचा ड्रायव्हर दचकून “माझ्याकडे नाही!” म्हणतो. दर शनिवारी दुपारी चारला मशीन बंद होतं, कारण आमच्या शाळेचं स्काउट पथक मावशी चालवते. म्हणजे चालवायची. आता कुठे आणि कसं, तेच सांगतेय.

चार वर्षांपूर्वी शाळेने तिला स्टेजवरचं छप्पर शिवायला बोलावलं होतं. पथकाचे सर बदली होऊन गेले होते आणि हेडसर स्वतः पथक बघत होते. बघत म्हणजे अक्षरशः बघत. पोरं उन्हात रांगेत, हेडसर व्हरांड्यात सावलीत. तालीम टाळ्यांची चालली होती. पाहुणे आले की किती वाजवायच्या, बसले की किती वाजवायच्या.

मावशीने शिडीवरून विचारलं, “काय शिकतायत हो ही?”

“शिस्त.”

“आणि?”

“आणि काय? शिस्त!”

हेडसरांना आम्ही ‘सूचना’ म्हणतो, कारण त्यांचं कुठलंही वाक्य तिथूनच सुरू होतं. साबण संपल्याचंसुद्धा ते बायकोला “सूचना अशी आहे की” म्हणूनच कळवत असतील. तर सूचना म्हणाले, “स्काउटांचं वचनच आहे ना ते. भिंतीवर लिहिलंय आमच्या. शिस्त करीन.”

मावशी शिडीवरून उतरली. लहानपणी ती स्वतः स्काउट होती. पथकाच्या खोलीत जाऊन तिने भिंत वाचली. पेंटरने सुंदर वळणदार अक्षरात सगळं वचन रंगवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, ‘यासाठी मी शिस्त करीन.’ पाच वर्षं पोरं तेच घोकत होती. शिस्त करतात की पाळतात, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण प्रश्न विचारणं शिस्तीत बसत नव्हतं.

मावशीने कानावरचा कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि ‘शि’ आणि ‘स्त’ यांच्या मधल्या फटीत एक ‘क’ कोंबला.

शिकस्त करीन.

“अंगात असेल नसेल तेवढं लावीन,” ती म्हणाली. “टाळ्यांचं यात काही नाही.”

“मग तुम्हीच घ्या ना पथक!” हेडसर म्हणाले. हा टोमणा होता. पण मावशी टोमण्यांकडे नेहमी डावा कान करते. शनिवारी चारला ती हजर.

पुढे त्या ‘क’चा मोठा इतिहास झाला. हेडसरांनी तो पुसायला लावला. मावशीने परत लिहिला. पुसला. तिने रंगाने काढला. त्यावर चुना फासला. मग तिने ताडपत्रीचा वीतभर ‘क’ कापून भिंतीत चार खिळ्यांनी ठोकला. हेडसरांनी शिपाईकाकांना तो उपटायला सांगितलं, तर शिपाईकाका म्हणाले, “साहेब, खोलीतले खिळे काढायचे नाहीत अशी तुमचीच सूचना आहे.” तो ‘क’ टिकला.

मावशीचं शिकवणं म्हणजे बरंचसं ओरडणं आणि थोडंसं हसणं. गाठ शिकवताना ती म्हणायची, “ओढल्यावर सुटली तर ती गाठ नाही. आणि सोडायला गेल्यावर सुटली नाही तर तो गुंता. तुमच्या आयुष्यात जे काही बांधाल ते बघून ठेवा दोन्हीपैकी काय आहे.” सलाम शिकवताना तीन बोटं उभी करायला लावायची आणि उरलेल्या दोघांकडे बघायला सांगायची. “अंगठा बघा. हातातला सगळ्यात दांडगा. तो करंगळीवर टेकवायचा. टेकवायचा म्हटलं, ए, चेपतोस काय तिला? तिने काय घोडं मारलंय तुझं?” दांडग्याने लहानाला धरायचं, दाबायचं नाही, एवढंच ते. मी पथकात मजा म्हणून गेले होते. मावशी मला ‘रेडिओ’ म्हणायची. “रेडिओ, बंद हो,” की मी बंद.

सुरुवातीला आम्हाला रोज एक मदत करून वहीत लिहायची होती. महिन्याअखेर वह्या बघून मावशी म्हणाली, “एकशे चौदा म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून दिलात तुम्ही. त्या सगळ्या परत कशा आल्या, की पलीकडेच राहिल्या?” आणि वह्या बंद केल्या. त्याऐवजी परीक्षा ठेवली ती ही: आपापला एक माणूस शोधायचा, ज्याला कशाची तरी खरीच गरज आहे. सलग चार शनिवार सकाळी त्याच्याकडे जायचं. कुणाला सांगायचं नाही. शेवटी मावशी आपल्याला विचारणार नाही. त्या माणसाला विचारणार.

माझ्या बाकावरचा ‘घड्याळ’ (कुठेही पाच मिनिटं आधी पोचतो, स्वतःच्या जन्मालासुद्धा आधीच पोचला होता) पिठाच्या गिरणीवरच्या कामगाराच्या मुलीला अपूर्णांक शिकवायला गेला. चार शनिवार, पाच मिनिटं आधी. ती पोरगी परीक्षेत नापास झाली. मावशीने घड्याळाला पास केलं. मी म्हटलं, “हे काय मावशी?” ती म्हणाली, “त्या पोरीला विचारलं मी. ती म्हणाली, तो एकदाही चिडला नाही. अपूर्णांकाशी चार शनिवार न चिडता बसून दाखव तू.”

मी शोधले खिळेआजोबा. जुन्या छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, म्हणजे एकेक अक्षर वेचून ओळ बसवायची, आणि शेवटी डोळे त्या खिळ्यांना देऊन घरी बसले. त्यांना पेपर वाचून दाखवायचा होता. मी मंत्र्यांच्या बातम्या मंत्र्यांच्या आवाजात वाचायची, हवामान खात्याचा अंदाज आमच्या सूचनांच्या आवाजात: “सूचना अशी आहे की, ढगांनी रांगेत यावे.” आजोबा खोकेपर्यंत हसायचे. तिसऱ्या शनिवारी त्यांना शिकस्तीचं सांगितलं तर ते ताठ बसले. “अगं, तो शब्द मी जुळवलाय. जुन्या कागदांत त्याचा अर्थ हार. शिकस्त खाल्ली म्हणजे हरला. आणि शिकस्त केली म्हणजे जीव तोडून केलं. त्याच खिळ्यांचे दोन अर्थ. हरू या भीतीने जो हात आखडतो, त्याला दोन्हींतलं एकही मिळत नाही.”

चौथ्या शनिवारी आमच्या वर्गाची फायनल मॅच होती. मी गेले नाही. एका शनिवारने काय होतंय?

यादी लागली. एकतीसपैकी नऊ जण पास. घड्याळ पहिला, मी नाहीच.

“मावशी, चारपैकी तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के! डिस्टिंक्शन येतं!”

मावशीने सुईत दोरा ओवला. “मी विचारायला गेले होते त्यांना. म्हणाले, पोरगी गुणी आहे, तीनदा आली, पोट दुखेपर्यंत हसवलं. चौथ्यांदा मी दाढी करून बसलो होतो.”

ते दाढीचं मला अजून कुठल्याच आवाजात म्हणता येत नाही.

आता इथे सूचना आल्या. स्काउटच्या प्रमाणपत्राला दहावीत पाच जादा गुण मिळतात. वार्षिक समारंभाला वरचे साहेब येणार होते आणि एकतीसच्या एकतीस पोरांना त्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं द्यायची, असं छापूनही झालं होतं. फक्त पथकप्रमुखाची सही राहिली होती. मावशीला ऑफिसात बोलावलं. मी आधीपासून ऑफिसाबाहेर उभी होते, हवामानाचा तो अंदाज वर्गातही सादर केल्याबद्दल. दार उघडंच होतं.

“सूचना अशी आहे की, एकतीस सह्या. मंगळवारपर्यंत.”

“नऊ.”

“बाई, हा आकडा घासाघीस करायचा नाही.”

“बरं झालं. माझाही नाही.”

“अहो, मुलं आहेत! तीन शनिवार काय नि चार काय!”

मावशीने मान वळवली. “रेडिओ, आत ये. चौथ्या शनिवारी कुठे होतीस?”

“मॅचला.”

“कोण जिंकलं?”

“आम्ही.”

“छान. अभिनंदन.” मग हेडसरांकडे वळून, “बघा, पोरगी खरं बोलली. आता हिच्यासमोर मी खोटी सही करू? वचन हिने दिलं होतं, साहेब, तीन बोटं वर करून. ते मोडलं तर मोडलं, परत देता येतं. पण मोडलंच नाही असं कागदावर लिहून दिलं, तर परत काय देणार ती?”

हेडसर उभे राहिले. “सूचना अशी आहे की, एकतीस सह्या, नाहीतर एकही नाही. नऊ जणांचीही यादी मी वर पाठवणार नाही. पथक बंद. खोली रिकामी.”

मावशीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरलेला मी पाहिला. नऊ जणांचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने टेबलावरचे ते एकतीस कागद जवळ ओढले. मला वाटलं, करते आता. मी मनातल्या मनात तिला “कर ना” म्हणतही होते, खोटं कशाला बोलू. पाच गुण कुणाला नको असतात?

“मंगळवारी सांगते,” ती म्हणाली. तिच्या तोंडून उधारीचं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

मंगळवारच्या आत बावीस घरांतून माणसं तिच्या दुकानात जाऊन आली. आमच्याकडून आई गेली. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आणि भांडतानाही तिचा आवाज तोच असतो, मूठ घट्ट, श्वास सोडा, झालं. मी मागे उभी.

“हे बघा ताई, एक सही. सुई टोचण्याएवढं काम. कळणारही नाही.”

मावशीने दोन्ही हात पुढे केले. “सुयांचं मला सांगू नका.”

“पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे!”

“तुमच्याकडे एखादा आला आणि म्हणाला, मी घाईत आहे, रक्त काढू नका, नुसता रिपोर्ट द्या, सगळं नॉर्मल लिहा. द्याल?”

“तसं कसं देणार? उद्या काही झालं म्हणजे?”

“नाही देणार ना?”

आईची मूठ सुटली. परत येताना रस्ताभर ती मावशीला नव्हे, मला बोलली. “मॅचला जायचं होतं तर सकाळी आधी म्हाताऱ्याकडे अर्धा तास बसता येत नव्हतं? हात मोडले होते, की पाय?”

सोमवारी मावशी नऊ घरांत गेली. शिकवायला नाही, सांगायला: मी बावीस खोट्या सह्या करणार नाही, त्यामुळे तुमच्या पोराचं हक्काचं जाणार आहे, आणि ते माझ्यामुळे जाणार आहे. आठ घरांत ऐकून घेतलं. घड्याळाकडे घड्याळच दारात उभा राहिला. “माझं काय चुकलं?” तो म्हणाला. “मी चार शनिवार केले. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. तुमचं आणि सरांचं भांडण, आणि प्रमाणपत्र माझं जाणार?”

मावशी म्हणाली, “तुझं काहीच चुकलं नाही.”

“मग?”

“मग काही नाही.” एवढं म्हणून ती पायऱ्या उतरली. घड्याळाने दार लावलं, आणि तेही सावकाश नाही.

मंगळवारी ऑफिसात नऊ सह्यांचे नऊ कागद आणि बावीस कोरे कागद आले. बुधवारी खोलीला कुलूप. समारंभात पथक नव्हतं. टाळ्या मात्र बरोबर ठरल्या तेवढ्या वाजल्या. निघताना मावशीने भिंतीवरचा ‘क’ काढला नाही. हेडसर म्हणाले, “तो घेऊन जा.” ती म्हणाली, “तो वचनाचा आहे, माझा नाही. काढायचा तर तुम्ही काढा, दिवसाढवळ्या, पोरांसमोर.” न्हाव्याच्या दुकानात त्या आठवड्यात नवी बातमी होती की बाईला मिलिटरीने परत बोलावलंय. ती मिलिटरीत कधी होती, हे कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी मी शेडमध्ये गेले. मावशी एका प्रचंड ताडपत्रीच्या कडेला पितळी कड्या ठोकत होती.

“उद्या चारला इथेच,” ती हातोडी न थांबवता म्हणाली. “मागच्या मैदानात. सगळ्यांना सांगून आलेय.”

“मावशी, कोण येणार? खोली नाही, स्कार्फ शाळेने जमा केले, गुण नाहीत. आता यायचं कशासाठी?”

“तेच तर बघायचंय. आता कळेल कशासाठी येत होते.”

“पाचसहा येतील. दोस्तमंडळी म्हणून.”

“किती येतील त्याचं मला काही नाही. घड्याळ येईल.”

मी हसलेच. घड्याळाला मी बालवाडीपासून ओळखते. तिसरीत मी त्याचा रबर तोडला होता, ते तो अजून तारखेसकट सांगतो. “घड्याळ? मावशी, तो मरेल पण येणार नाही.”

“लाव पैज.”

“लावली! हरलात तर?”

मावशीने हातोडी खाली ठेवली. “तो आला नाही तर पथक बंद. माझ्यामुळे ज्याचं गेलं तोच यायचा नसेल, तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने वचन द्यायला लावू? नुसत्या ताडपत्र्या शिवीन. आणि तू हरलीस तर चार शनिवार. पहिल्यापासून. उरलेला एक नाही, चारही.”

“आणि गुण?”

“कसले गुण? आता फक्त शनिवार.”

आम्ही डावे हात मिळवले.

शनिवारी चारला दहा मिनिटं असताना मैदानात मी आणि मावशी. चारला पाच कमी, घड्याळाची वेळ, आणि घड्याळ नाही. त्याच्या जन्मात पहिल्यांदा. चारला सहा जण आले, मग आणखी पाच. त्यातले चार जण माझ्यासारखेच नापास. जिंकतेय हे दिसत असूनही मला आनंद होईना, हे फार विचित्र होतं. मावशीने कुणाला काही विचारलं नाही. मोठी ताडपत्री तंबूसारखी उभी करायची होती. वारा सुटलेला. आम्ही बारा जण कोपरे धरून लोंबकळत होतो आणि ती आम्हाला पतंगासारखी उडवत होती. मावशी ओरडत होती, “गाठ मार, गाठ! मिठी नको मारू तिला!”

सव्वाचारला घड्याळ आला. तरातरा. थेट मावशीसमोर. “मी पथकात यायला आलो नाहीये,” तो म्हणाला. “मी सांगायला आलोय. तुम्ही माझ्याशी चुकीचं वागलात. सही केली नाहीत ते बरोबर होतं, पण माझ्याशी चूकच झाली. दोन्ही खरं आहे. घरी बसून मला सारखं तेच…”

त्याच वेळी चौथा कोपरा सुटला. ताडपत्री फडाड् करून उलटली, आणि तिचा दोर घड्याळाच्या नाकासमोरून जायला लागला. त्याने बोलता बोलता तो धरला. टाच जमिनीत रोवली, खुंट्याला दोन वेढे दिले, गाठ मारली, ओढून बघितली आणि वाक्य पुरं केलं, “…सारखं तेच आठवतं.”

“बरोबर आहे तुझं,” मावशी म्हणाली. “चूकच झाली.”

तो दुसऱ्या कोपऱ्याकडे जाऊन तिथल्या पोराला म्हणाला, “ही काय गाठ आहे? सोड, इकडे दे.”

मी धावत मावशीकडे. “हे धरत नाही! तो भांडायला आला!”

“आला ना?”

“पथकात यायला आलो नाही, असं म्हणाला तो! तुमच्यासमोर!”

“काय?” मावशीने डावा कान माझ्याकडे केला. “या कानाने काही ऐकू येत नाही बघ. उद्या नाही, पुढच्या शनिवारी सकाळी. पहिला.”

“मावशी, ही चीटिंग आहे!”

“रेडिओ,” ती म्हणाली, “आजोबांना आधी विचारून ये, तुला परत यायचंय ते चालेल का. नाही म्हणाले तर दुसरा माणूस शोध.”

ते नाही म्हणाले नाहीत. पण पहिल्या शनिवारी त्यांनी दाढी केलेली नव्हती.